हिवाळ्यातील परसबाग आणि शिंजीर : ओळख, फुलझाडे व घ्यावयाची काळजी

सोयाबीन घरात आले, तूर फुलोऱ्यातून शेंगेवर चालली आणि हरभऱ्याला पहिले पाणी द्यायची वेळ आली, की वाशीम जिल्ह्यातील बऱ्याच घरांच्या अंगणात एक बारीकसा पक्षी रोज सकाळी हजेरी लावू लागतो. बोटभर लांबीचा, खाली वाकलेल्या काळ्या चोचीचा, एका फांदीवर क्षणभरही न टिकणारा. जास्वंदीच्या फुलात चोच घालतो, 'च्वीट च्वीट' करतो आणि शेवग्यावर उडून जातो. मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून अनेक जण त्याला 'हमिंगबर्ड' म्हणतात. हमिंगबर्ड हे पक्षी फक्त अमेरिका खंडात आढळतात. भारतात एकही नाही. आपल्याकडे येतो तो शिंजीर. त्यालाच सूर्यपक्षी म्हणतात, काही भागांत फुलचुखीही म्हणतात.

दोघांचे काम सारखे असले तरी घराणे वेगळे आहे. हमिंगबर्ड हवेत एका जागी तरंगून मध पितो. शिंजिरालाही क्षण-दोन क्षण तसे जमते, पण त्याची खरी पद्धत फांदीवर किंवा देठावर बसून, प्रसंगी उलटे लोंबकळून मध पिण्याची. म्हणूनच त्याच्यासाठी झाड निवडताना फुलाजवळ बसायला मजबूत काडी आहे का, हे पाहावे लागते. परदेशी व्हिडिओत दिसणारी लाल प्लास्टिकची साखरपाण्याची बाटली आपल्या अंगणात टांगण्यापूर्वीही हा फरक लक्षात घ्यावा. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

नर, मादी आणि गळ्यावरची काळी रेघ

जिल्ह्यात घराजवळ सर्रास दिसतो तो जांभळा शिंजीर. लांबी १० सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे चिमणीपेक्षाही लहान. विणीच्या काळात नर लांबून पूर्ण काळा दिसतो. ऊन पडले की तोच निळा-जांभळा चमकतो. मादी वरून मळकट तपकिरी-हिरवट आणि खालून फिकट पिवळी असते.

हिवाळ्याच्या सुरुवातीला मात्र गोंधळ होतो. पावसाळा संपता संपता नराचा चमकदार पिसारा गेलेला असतो. तो मादीसारखाच पिवळट दिसतो, फक्त हनुवटीपासून पोटापर्यंत मधोमध एक काळी रेघ राहते. जणू कोणी शाईने पट्टी ओढली आहे. पंखांवरही थोडी चमक शिल्लक असते. अशा नराला पाहून 'ही वेगळीच जात आहे' असे वाटणे साहजिक आहे. नुकताच मोठा झालेला पोर नरही याच वेषात असू शकतो.

हिवाळ्यात शिंजीर पाहण्यासारखा असतो तो या बदलामुळेच. नोव्हेंबरात ती रेघ बारीक दिसते. पुढे ती रुंदावत जाते, डोक्यावर आणि पाठीवर काळे-जांभळे ठिपके येऊ लागतात. मधल्या काळात नर अगदी ठिगळे लावल्यासारखा दिसतो; आजारी पडला की काय असे वाटते, पण ते पिसे बदलणे असते. पळस फुलायच्या सुमारास बहुतेक नर पूर्ण काळेभोर झालेले असतात. सगळे एकाच दिवशी बदलत नाहीत, त्यामुळे एकाच जास्वंदीवर तीन वेगवेगळ्या अवस्थांतले नर दिसू शकतात.

महाराष्ट्रात आणखी एक शिंजीर आढळतो, जांभळ्या पाठीचा. त्याच्या नराचे पोट बाराही महिने पिवळे असते, छातीवर तांबडा-तपकिरी पट्टा असतो आणि तो हिवाळ्यात रंग टाकत नाही. मादीचा गळा करडट पांढरा असतो. गळ्यावर काळी रेघ दिसली, की जांभळा शिंजीर समजावा.

डिसेंबर-जानेवारीतली तूट

शिंजीर स्थलांतर करून दूर देशी जात नाही. फुले असतील त्याप्रमाणे आसपासच्या भागात हिंडतो. त्याचे वर्ष फुलांच्या हिशेबाने चालते आणि त्या हिशेबात आपल्या भागात एक तूट येते.

पावसाळ्यानंतर धुऱ्यावर, गावाच्या उकिरड्याजवळ दीपमाळ माजलेली असते. उंच सरळ दांडा, त्यावर ठरावीक अंतराने काटेरी गोल गेंद आणि त्यातून निघणारी शेंदरी केसाळ फुले. आपण तिला तण म्हणतो, ते चूक नाही. पण शिंजिरासाठी ती ऑक्टोबरपासूनची खानावळ आहे. रब्बीच्या तयारीत धुरे साफ होतात आणि दीपमाळ जाते. राहिलेली झाडे थंडीत वाळतात. दुसऱ्या बाजूला काटेसावर, पळस आणि पांगारा ही मोठी मधाची झाडे बहुतांशी जानेवारीअखेर ते मार्च या काळात फुलतात. मालेगाव, मानोरा भागातील टेकड्यांच्या उतारावर धायटीही साधारण याच सुमारास लालेलाल होते. या दोन बहरांमध्ये, विशेषतः डिसेंबर आणि जानेवारीत, उघड्या वावरात शिंजिराला फारसे काही मिळत नाही. हरभरा आणि गहू त्याच्या उपयोगाचे नाहीत.

हे सहा-आठ आठवडे गावातली परसबाग भरून काढू शकते. घरामागच्या सांदवाडीतली एक जास्वंद, एक शेवगा आणि कुपाटीला लागून अडुळशाची रांग एवढ्यावरही एखादी जोडी तिथे टिकते. जोडी टिकली तर उन्हाळ्याच्या तोंडाशी ती तिथेच घरटे करण्याची शक्यता वाढते.

कोणती झाडे ठेवावीत

जास्वंद सर्वांत सोपी. एकेरी पाकळ्यांची लाल किंवा गुलाबी गावरान जात घ्यावी. दुहेरी, गेंदेदार फुलांच्या जाती दिसायला छान असतात, पण त्यांच्या दाट पाकळ्यांतून मधापर्यंत पोहोचणे अवघड जाते. छाट कलम पावसाळ्यात सहज लागते. आता हिवाळ्यात लावायचे असेल तर पिशवीतले मुळे धरलेले रोप घ्यावे. झाड आधीच असेल तर थंडीत जोरकस छाटणी करू नये. ती पावसाळ्याच्या तोंडावर करावी. शिंजीर कधी कधी फुलाच्या बुडाशी चोचीने छिद्र पाडून मध पितो. फुलावर बारीक चीर दिसली तर तो किडीचा प्रादुर्भाव समजून फवारणीला धावू नये.

अडुळसा कुंपणासाठी फार उपयोगी. शेळ्या सहसा त्याला तोंड लावत नाहीत, पाणी कमी लागते आणि पांढरी फुले नेमकी हिवाळ्यात येतात. घरात खोकल्यासाठी पानेही कामास येतात.

शेवग्याबद्दल शेतकऱ्यांच्या मनात एक शंका असते : पक्षी फुलात चोच घालतो आणि खाली फुलांचा सडा पडतो, म्हणजे शेंगा कमी लागणार का? तसे नाही. शेवग्याला हजारो फुले येतात आणि त्यातली बहुतेक गळतातच. शेंग धरते ती थोड्यांचीच. पाण्याचा ताण किंवा अतिपाणी, तापमानातील चढउतार यांनी गळ वाढते. शिंजिराचे वजन दहा ग्रॅमच्याही आत असते, त्याच्या बसण्याने बहर गळत नाही. उलट भुंगे आणि मधमाश्या यांच्याबरोबर त्याच्याही अंगाला पराग लागतो.

हादगा ज्यांच्याकडे आहे त्यांनी तो राखावा. फुलांची भाजी घरात होते, मध पक्ष्याला मिळतो. शेंड्याकडची फुले झाडावरच राहू द्यावीत, तशीही ती हाताला लागत नाहीत.

केळीचे दोन-चार खुंट असतील तर केळफूल हे शिंजिराचे आवडते ठिकाण. घड पोसण्यासाठी फण्या पूर्ण सुटल्यावर केळफूल काढण्याची शिफारस असते आणि विक्रीच्या बागेत तसेच करावे. घरच्या खुंटावर मात्र एखादे केळफूल राहू दिले तर फारसे बिघडत नाही. केळ धरायला परागीभवन लागत नाही, त्यामुळे इथे पक्ष्याचा आपल्याला फायदा काही नाही. ही नुसती पाहुणचाराची बाब आहे.

पानफुटीचे मात्र जपून. पान मातीवर टाकले तरी रुजते, थंडीत कंदिलासारखी लोंबती फुले येतात आणि शिंजीर त्यांवर हमखास येतो. पण ही वनस्पती जनावरांना विषारी आहे. शेळ्या-वासरांचे तोंड पोहोचेल अशा ठिकाणी लावू नये. कुंडीत, ओट्यावर किंवा जाळीच्या आत ठेवावी. उपटलेली झाडे गोठ्यापुढे किंवा चाऱ्यात टाकू नयेत.

जागा अगदीच कमी असेल तर कर्दळ किंवा रोपवाटिकेत मिळणारे हॅमेलिया कुंडीतही चालते. घाणेरीवर शिंजीर येतो हे खरे, पण ती मुद्दाम लावू नये. पडीक जमीन आणि गायरान गिळणारे ते झाड आहे. दीपमाळ मात्र धुऱ्याच्या एखाद्या निरुपयोगी कोपऱ्यात चार-सहा दांडे राहू दिली तर चालते. बी पडण्याआधी, फुले संपताच कापून घ्यावी म्हणजे पुढच्या हंगामात त्रास होत नाही.

साखरपाणी टांगावे का?

आमचा सल्ला : टांगू नये. शिंजीर निव्वळ मधावर जगत नाही. बारीक अळ्या, माश्या, कोळी हे त्याचे दुसरे अन्न आहे आणि पिलांना तर तो मुख्यतः किडेच भरवतो. बाटलीतल्या पाण्यात साखरेशिवाय काही नसते. वाशीमच्या दुपारी, हिवाळ्यातही, ते पाणी लवकर आंबते, बुरशी धरते, मुंग्या लागतात. गूळ किंवा मध घातलेले पाणी त्याहून लवकर खराब होते आणि रंग घालण्याची तर काहीच गरज नसते. बाटली रोज धुण्याचा नेम बहुतेक घरांत चार दिवस टिकतो. त्याच पैशात जास्वंदीची दोन रोपे येतात.

पाणी मात्र जरूर द्यावे. उथळ मातीची परळ, दोन बोटे पाणी, मधे एक दगड. शिंजिराला आंघोळीसाठी ओली पाने अधिक आवडतात. सकाळी झाडांना पाणी देताना कर्दळीच्या किंवा केळीच्या पानांवर झारीने शिंपडावे आणि बाजूला उभे राहून पाहावे. पानावर अंग घासत, पिसे फुलवत तो न्हातो. हे पाहायला मिळाले तर त्या दिवशी पाणी द्यायला नक्कीच उशीर होतो.

उरलेली फवारणी जास्वंदीवर नको

या विषयातला सर्वांत गंभीर भाग हा आहे. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आणि मावा येतो. तूर किंवा हरभऱ्यावर फवारणी करून घरी आल्यावर पंपात लिटर-दोन लिटर द्रावण उरलेले असते आणि 'वाया कशाला घालवायचे' म्हणून ते अंगणातल्या झाडांवर मारले जाते. इमिडाक्लोप्रिड, थायमेथोक्झामसारखी आंतरप्रवाही कीटकनाशके झाडाच्या रसात उतरतात आणि तिथून परागात व फुलातल्या मधातही पोहोचतात. पानावरचे औषध वाळले म्हणजे धोका संपला असे त्यामुळे होत नाही. त्या मधावर मधमाशी आणि शिंजीर दोघेही जगतात. शिवाय त्याच अंगणात मुले खेळतात, जास्वंदीचे फूल देवाला जाते आणि शेवग्याचे पान भाजीत जाते. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. शेतासाठी केलेले द्रावण घराच्या आवारात आणूच नये. क्षेत्र मोजून तेवढेच करावे.

परसबागेतल्या पिठ्या ढेकणासाठी प्रादुर्भावग्रस्त शेंडे कापून नष्ट करावेत, पाण्याचा जोरदार फवारा मारावा, मुंग्यांचे वारूळ बुडापासून हटवावे. तरीही राहिल्यास ५ टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी फवारावा. शेतातही पीक फुलोऱ्यात असताना फवारणी आवश्यक झाली तर सकाळी मधमाश्यांच्या वेळी न करता उशिरा दुपारनंतर करावी.

इथे एक स्पष्ट सांगितले पाहिजे. शिंजीर अळ्या खातो म्हणून हरभऱ्यावरची घाटेअळी आटोक्यात येईल, अशी अपेक्षा ठेवू नये. तो वावराच्या मधोमध उतरणारा पक्षी नाही आणि मित्रकीटकांत मोडणारे कोळीही तो खातो. घाटेअळीसाठी पक्षीथांबे लावावेत; त्यावर बसणारे कोतवाल, साळुंक्या हे वेगळे कामकरी आहेत. शिंजिराचा हिशेब परसबागेपुरता ठेवावा.

आंब्यावरचे बांडगूळ : दोष कोणाचा?

आंबा, मोह, कडुनिंब यांवर वाढणाऱ्या बांडगुळाला नळीसारखी शेंदरी-लाल फुले येतात आणि हिवाळ्यात त्यांवर शिंजिरांची गर्दी होते. त्यामुळे 'हाच पक्षी बांडगूळ पसरवतो' असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. शिंजीर बांडगुळाचे परागीभवन करतो, म्हणजे फळ धरायला त्याची मदत होते. पण फळ खाऊन बी दुसऱ्या फांदीवर नेऊन चिकटवतो तो फुलटोच्या. हा शिंजिराहूनही लहान, राखाडी-तपकिरी, आखूड चोचीचा पक्षी. बी इतके चिकट असते की विष्ठेतून पडताना त्याला ते फांदीवर घासून सोडावे लागते आणि तिथेच ते रुजते.

यावर पक्षी हाकलणे हा उपाय नाही. फुले लाल दिसतात तेव्हा बांडगूळ ओळखायला सर्वांत सोपे असते. त्याच वेळी झाडावर खूण करावी आणि फळे पिकण्यापूर्वी काढावे. नुसते वरून तोडले तर ते पुन्हा फुटते. त्याची मुळे यजमान फांदीच्या आत शिरलेली असतात, म्हणून चिकटलेल्या जागेच्या बऱ्याच खालून फांदी कापावी आणि कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावावी. बांधावरच्या पडीक झाडावर एखादे बांडगूळ राहिले तर राहू द्यावे, पण फळबागेच्या जवळ नको.

केव्हा, कसे पाहावे

ऊन अंगणात उतरल्यापासून दहा वाजेपर्यंतची वेळ उत्तम. फुलझाडापासून दहा-बारा फुटांवर खुर्ची टाकून बसावे, सूर्य पाठीशी असावा, नाहीतर चमकदार नरही नुसता काळा दिसतो. आधी आवाज येतो, मग पक्षी दिसतो. दुर्बीण लागत नाही. जानेवारीच्या शेवटी नर उघड्या शेंड्यावर बसून सलग गाऊ लागतो आणि मादीपुढे पंख झुकवून काखेतले पिवळे-नारिंगी पिसांचे झुपके दाखवतो. याच दिवसांत तो मोटारसायकलच्या आरशावर किंवा खिडकीच्या काचेवर चोची मारताना दिसेल. त्याला आत दुसरा नर दिसत असतो. आरशावर पिशवी किंवा फडके बांधले की भांडण मिटते.

मुलांना एक वही करून द्यावी : तारीख, वेळ, कोणत्या फुलावर, नराची रेघ किती रुंद. तीन महिन्यांत पिसारा बदलण्याचा पूर्ण हिशेब वहीत येतो. सुरुवातीसाठी ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह चांगला. मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि डॉ. सालिम अली यांचा १२ नोव्हेंबर, म्हणून महाराष्ट्रात तो या काळात साजरा होतो. फेब्रुवारीत चार दिवस चालणाऱ्या 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' या जागतिक गणनेत अंगणात पंधरा मिनिटे बसून केलेली नोंदही 'ई-बर्ड' ॲपवरून देता येते. शाळेच्या आणि महिला गटांच्या परसबागांना मार्गदर्शन करणाऱ्या सहाय्यक कृषी अधिकाऱ्यांनी व कृषी सखींनी वाफ्यांच्या आराखड्यात कुंपणाकडेला अडुळसा आणि एका कोपऱ्यात जास्वंद-शेवगा सुचवावा. भाजीच्या वाफ्यांची जागा त्याने कमी होत नाही. करडा (ता. रिसोड) येथील कृषी विज्ञान केंद्रात परसबागेबद्दल विचारणा करता येईल.

घरटे दिसल्यास

फेब्रुवारी-मार्चपासून मादी एकटीच घरटे विणते. डाळिंब, लिंबू, बोगनवेल, कधी पडवीतली वायर किंवा दोरी, असे पुरुषभर उंचीवर लोंबते पिशवीसारखे घरटे असते. बाजूला दार आणि दारावर छोटासा छज्जा. बाहेरून ते अडकलेल्या कचऱ्यासारखे दिसते : वाळकी पाने, सालपट, अळ्यांची विष्ठा. हे सारे ती कोळ्याच्या जाळ्याने बांधते. म्हणून दिवाळीला गोठा-पडवीची जळमटे खुशाल काढावीत, पण फेब्रुवारीनंतर एखाद्या कोपऱ्यातली राहू द्यावीत. कचरा म्हणून काही ओढून काढण्याआधी बाजूला भोक आहे का, ते पाहावे.

साधारणपणे दोन अंडी असतात. अंडी घालण्यापासून पिले उडेपर्यंत महिनाभर लागतो. तेवढे दिवस त्या फांदीची छाटणी थांबवावी, हात लावू नये, मोबाइल अगदी जवळ नेऊन फोटो काढू नयेत. मांजर चढत असेल तर बुंध्याला पत्र्याचा तुकडा गुंडाळावा. घरटे काढणे किंवा पक्षी पकडून पिंजऱ्यात ठेवणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. पिले उडून गेल्यावर आठवडाभर ती आईबरोबर त्याच झाडांत फिरतात. तोवर डाळिंबाची छाटणी राहिली असेल तर आणखी आठ दिवस थांबून करावी.